जंतू प्रयोगशाळेतला, संशय कष्टकऱ्यांवर!

जैविक दहशतवाद हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांपुढे एक ठरावीक चित्र उभे राहते. डोंगरातल्या कुठल्यातरी गुहेत बसलेला, परक्या धर्माचा, अर्धवट शिकलेला माणूस आणि त्याच्या हातात विषाची बाटली! हे चित्र आपल्याला सिनेमाने दिले, दूरचित्रवाहिन्यांनी दिले आणि सत्ताधाऱ्यांच्या भाषणांनी ते घट्ट बसवले. वस्तुस्थिती वेगळी आहे. ज्या घटनांचा कसून तपास झाला, त्यांच्या कागदपत्रांतून समोर येणारा माणूस शिकलेला आहे. त्याच्याकडे पैसा आहे, प्रयोगशाळा आहे आणि बऱ्याचदा समाजात मानाचे स्थानही आहे. रोग पसरल्यावर संशय मात्र त्याच्यावर जात नाही. तो जातो हॉटेलात भाजी चिरणाऱ्यावर, नाहीतर दुसऱ्या धर्माच्या माणसावर. आणि औषध सर्वांत शेवटी कोणाकडे पोचते? जो हाताने काम करतो त्याच्याकडे. हा विषय 'मोठ्या देशांची भानगड' म्हणून चळवळीच्या वाचकांनी बाजूला टाकू नये, यासाठी आज थोडे सविस्तर लिहीत आहोत.

जैविक दहशतवाद म्हणजे रोगाचे जंतू, विषाणू किंवा सजीवांपासून मिळणारे विष मुद्दाम पसरवून माणसे, जनावरे वा पिके यांचा नाश करणे आणि त्यातून भीती निर्माण करणे. बॉम्ब फुटला की आवाज होतो, धूर दिसतो. जंतूंचा आवाज होत नाही. माणूस आजारी पडतो तो काही तासांनी, काही दिवसांनी, तोवर करणारा निघून गेलेला असतो. साथ आपोआप आली की कोणी आणली, हे पहिल्या आठवड्यात भल्याभल्या डॉक्टरांनाही सांगता येत नाही. या शस्त्राची खरी ताकद त्याच्या लपून राहण्यात आहे.

या प्रकारातल्या एका मोठ्या घटनेचे एक टोक आपल्या पुण्यात आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. पुण्याच्या कोरेगाव पार्कात १९७४ साली रजनीशांचा आश्रम उभा राहिला. १९८१ साली ही मंडळी अमेरिकेत गेली आणि ओरेगॉन राज्यातल्या वास्को परगण्यात सुमारे ६४ हजार एकरांचा माळ विकत घेऊन त्यांनी रजनीशपुरम नावाचे शहर वसवायला घेतले. भगवान मौनात होते आणि कारभार पाहत होत्या मा आनंद शीला. जमीन कशी वापरायची, किती घरे बांधायची, यावरून परगण्याच्या प्रशासनाशी भांडण जुंपले. परगण्याचा कारभार तीन सदस्यांचे मंडळ पाहत असे आणि त्यातल्या दोन जागांची निवडणूक नोव्हेंबर १९८४ मध्ये होणार होती. दोन जागा हाती आल्या म्हणजे परगणा हाती आला, असा हिशेब. पण मते कुठून आणायची?

यावर दोन उपाय काढण्यात आले आणि दोन्ही नीट पाहण्यासारखे आहेत. पहिला उपाय असा की, अमेरिकेतल्या मोठ्या शहरांच्या पदपथांवर झोपणारी बेघर माणसे बसगाड्या भरभरून आणायची, त्यांना जेवण आणि निवारा द्यायचा आणि मतदार म्हणून नोंदवायचे. काही हजार माणसे अशी आणली गेली. त्यांत कृष्णवर्णीय होते, व्हिएतनामच्या युद्धातून परतलेले सैनिक होते. वरून पाहता केवढी करुणा! पण त्यांना शांत ठेवण्यासाठी त्यांच्या बिअरमध्ये गुंगीचे औषध मिसळले जात होते, हे नंतर तपासात उघड झाले. परगण्याने नव्या मतदारांच्या नोंदणीला अडसर घातला आणि ही मते पडणार नाहीत असे दिसताच या माणसांचा उपयोग संपला. त्यांना आसपासच्या गावांच्या रस्त्यांवर आणून सोडण्यात आले.

दुसरा उपाय म्हणजे गावातल्या मतदारांनाच मतदानाच्या दिवशी अंथरुणाला खिळवणे. त्याची रंगीत तालीम आधी झाली. ऑगस्टच्या अखेरीस परगणा मंडळाचे दोन सदस्य पाहणीसाठी आले असता त्यांना जंतुमिश्रित पाणी पाजण्यात आले आणि दोघेही आजारी पडले. मग सप्टेंबर आणि ऑक्टोबरमध्ये परगण्याचे मुख्य गाव असलेल्या द डॅलेसमधल्या दहा उपाहारगृहांत सॅल्मोनेला नावाचे जंतू टाकण्यात आले. तिकडे कापलेल्या भाज्या आणि कोशिंबिरी एका टेबलावर मांडून ठेवतात, गिऱ्हाईक आपल्या हाताने वाढून घेते. त्यावर जंतूंचे पाणी शिंपडायला किती वेळ लागतो? सुमारे दहा हजार वस्तीच्या त्या गावात ७५१ माणसे जुलाब, उलट्या आणि तापाने आजारी पडली. ४५ जणांना इस्पितळात ठेवावे लागले. सुदैवाने कोणी दगावले नाही.

आता पुढचा भाग ध्यानात घ्या. सरकारी आरोग्य खात्याने चौकशी केली आणि निष्कर्ष काय काढला? उपाहारगृहांतल्या स्वयंपाक्यांनी आणि वाढप्यांनी हात नीट धुतले नाहीत म्हणून साथ पसरली! त्या कामगारांपैकी अनेक जण स्वतःच आजारी पडले होते. ओरेगॉनमधून निवडून गेलेले जिम वीव्हर यांनी फेब्रुवारी १९८५ मध्ये अमेरिकी संसदेत उभे राहून सांगितले की, हा हात न धुण्याचा प्रकार नव्हे, हे मुद्दाम केलेले कृत्य आहे. तेव्हा त्यांच्यावरच आकसाचा आरोप झाला. खरे बाहेर आले ते आरोग्य खात्याच्या हुशारीमुळे नव्हे, तर आश्रमातल्या आपापसातल्या फुटीमुळे. सप्टेंबर १९८५ मध्ये शीला परदेशी निघून गेल्या आणि खुद्द रजनीशांनी त्यांच्यावर विषप्रयोगाचे आरोप केले. मग झडती झाली, तेव्हा आश्रमाच्या दवाखान्यातल्या प्रयोगशाळेत तोच जंतू बाटलीत सापडला. तो वैद्यकीय साहित्य विकणाऱ्या कंपनीकडून रीतसर विकत घेतलेला होता. शीला आणि त्या दवाखान्याची सूत्रे चालवणारी परिचारिका पूजा या दोघींनी १९८६ साली गुन्हा कबूल केला. शिक्षा वीस वर्षांची झाली, पण अडीच वर्षांच्या आतच दोघी बाहेर आल्या. रजनीशांवर विषप्रयोगाचा खटला झाला नाही. परदेशी नागरिकांसंबंधीच्या कायद्याच्या उल्लंघनावरून त्यांना अमेरिका सोडावी लागली आणि ते पुण्याला परतले.

ज्या मताचे मूल्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्याला शिकवले, प्रत्येक माणसाला एक मत आणि प्रत्येक मताला एक मूल्य, ते मत इथे कसे वापरले गेले पाहा. गरिबाचे मत बसमध्ये भरून आणायचे आणि विरोधकाचे मत जुलाबाने मारायचे! विचार पटवून मते मिळवण्याची तयारी नसली की माणूस कुठवर जातो, याचा हा नमुना. मुळाशी धर्मवेड होतेच, पण त्याहून मोठी होती ती आपण निवडलेले आणि बाकीचे क्षुद्र, ही भावना. ही भावना आपल्या देशाला नवी आहे काय?

दुसरी घटना २००१ सालची. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर आठवडाभरातच अमेरिकेत टपालाने पाकिटे जाऊ लागली. आत अँथ्रॅक्सची भुकटी. हा जंतू आपल्या खेड्यांना अपरिचित नाही. गुरांना होणाऱ्या या रोगाला शेतकरी 'फाशी' म्हणतात आणि त्याच जंतूने माणसाच्या कातडीवर उठते ती 'काळपुळी'. आजारी जनावराचे कातडे, केस, मांस हाताळणाऱ्याला ती होते. मेलेली ढोरे ओढणे आणि सोलणे हे काम या देशात कोणाच्या माथी मारले गेले होते, हे या पत्राच्या वाचकांना सांगायला नको. मेलेल्या ढोरांपासून दूर व्हा, असे बाबासाहेब सांगत होते तेव्हा प्रश्न स्वाभिमानाचा होता, पण त्या कामात असा जिवाचा धोकाही होता. कातडीवरची काळपुळी औषधाने बरी होते. श्वासावाटे फुप्फुसात गेलेला जंतू मात्र फार थोड्यांना सोडतो. प्रयोगशाळेत त्याची बारीक, हवेत तरंगणारी भुकटी केली की गुरांच्या रोगाचे शस्त्र होते.

त्या पाकिटांनी २२ जण बाधित झाले, पाच मरण पावले. पाकिटे होती वाहिन्यांच्या, वृत्तपत्रांच्या आणि दोन सिनेटरांच्या नावाने. ज्यांची नावे पाकिटांवर होती, त्यांच्यापैकी कोणीही मेले नाही. मेले कोण? फ्लोरिडातला एक छायाचित्र संपादक, वॉशिंग्टनच्या टपाल केंद्रातले दोन कर्मचारी, न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयाच्या भांडारात काम करणारी, व्हिएतनामहून आलेली एक स्त्री आणि कनेक्टिकटमधली ९४ वर्षांची एक वृद्धा.

टपाल केंद्राची हकिगत सांगितलीच पाहिजे. सिनेटर टॉम डॅशल यांच्या कार्यालयात १५ ऑक्टोबरला पाकीट फुटले. संसदेच्या त्या इमारतीतल्या लोकांची लगेच तपासणी सुरू झाली आणि त्यांच्या हातात सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गोळ्या पडल्या. उत्तम झाले, तसेच व्हायला हवे होते. पण ते पाकीट संसदेत आकाशातून पडले नव्हते. ते ब्रेंटवूड येथील टपाल छाननी केंद्रातून आले होते. तिथे दोन हजारांच्या आसपास कर्मचारी काम करत, त्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय. त्यांना काय सांगितले गेले? बंद पाकिटातून जंतू बाहेर पडत नाहीत, काळजी करू नका, काम चालू ठेवा. १८ ऑक्टोबरला टपाल खात्याच्या प्रमुखांनी त्याच केंद्रात पत्रकार परिषद घेऊन सर्व सुरक्षित असल्याची ग्वाही दिली. प्रत्यक्षात छाननीच्या यंत्रांत पाकिटे दाबली जात होती आणि कागदाच्या छिद्रांतून जंतूंची भुकटी हवेत उडत होती.

केंद्र बंद झाले २१ ऑक्टोबरला. त्याच दिवशी पहाटे थॉमस मॉरिस या ५५ वर्षांच्या कर्मचाऱ्याने आपत्कालीन सेवेला दूरध्वनी करून सांगितले की, आपल्याला अँथ्रॅक्स झाला असावा. आधी ज्या डॉक्टरकडे ते गेले होते, त्याने साधा विषाणूचा आजार ठरवला होता. त्याच दिवशी मॉरिस मरण पावले. दुसऱ्या दिवशी जोसेफ कर्सीन, वय ४७. त्यांनाही रुग्णालयाने पोटाचे दुखणे समजून एकदा घरी पाठवले होते. म्हणजे आजाऱ्याने स्वतःच्या तोंडाने रोगाचे नाव सांगितले, तरी ते ऐकणारे वेळेवर कोणी भेटले नाही. जाणूनबुजून कोणी मारले असे आम्ही म्हणत नाही. कोणाच्या जिवाची चिंता आधी आठवते आणि कोणाची नंतर, एवढेच या सहा दिवसांत दिसले. आणि विषमता वेगळी दिसते ती कशी?

पाकिटांतल्या चिठ्ठ्यांवर इस्लामी घोषणांचे सोंग केलेले होते. साहजिकच बोट कोणाकडे गेले हे सांगायला नको. ५ फेब्रुवारी २००३ रोजी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी संयुक्त राष्ट्रांत एक लहानशी कुपी हातात धरून इराककडच्या अँथ्रॅक्सचा धाक जगाला दाखवला. पुढच्या महिन्यात युद्ध सुरू झाले आणि इराकमध्ये तसला साठा सापडला नाही. तपास मात्र निघाला कुठे? अमेरिकेच्याच लष्कराच्या फोर्ट डेट्रिक येथील प्रयोगशाळेत! आधी एका शास्त्रज्ञावर चुकीचा संशय धरला गेला आणि २००८ साली सरकारला त्याला लाखो डॉलरांची भरपाई द्यावी लागली. त्याच वर्षी ब्रूस इव्हिन्स या अँथ्रॅक्सच्या लशीवर काम करणाऱ्या शास्त्रज्ञाने आरोप दाखल होण्यापूर्वी आत्महत्या केली. हे कृत्य त्याने एकट्याने केले, असे म्हणून २०१० साली तपास बंद झाला. केवळ वैज्ञानिक पुराव्यावर जंतूंचे मूळ ठामपणे ठरवता येत नाही, असे मत तिथल्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीने २०११ साली नोंदवले. इव्हिन्सचा दोष न्यायालयात कधी तपासला गेला नाही, ही गोष्टही खरी. पण ती भुकटी गुहेत तयार झाली नव्हती, याविषयी वाद उरलेला नाही.

इतर उदाहरणेही याच दिशेने बोट दाखवतात. १७६३ साली फोर्ट पिट येथे इंग्रजांनी देवीच्या रुग्णांची पांघरुणे मूळनिवासी इंडियन प्रतिनिधींच्या हाती भेट म्हणून दिली. एप्रिल १९७९ मध्ये सोव्हिएत रशियाच्या स्वेर्दलोव्स्क शहरात लष्करी केंद्रातून अँथ्रॅक्स हवेत सुटला आणि किमान साठांवर माणसे मेली. सरकारने दोष दिला तो मांसाला. खरे कबूल व्हायला १९९२ साल उजाडले. जपानमधल्या ओम शिनरिक्यो पंथात विद्यापीठांत शिकलेले रसायनतज्ज्ञ आणि जीवशास्त्रज्ञ होते. १९९३ साली त्यांनी टोकियोत अँथ्रॅक्स फवारला. जंतू निरुपद्रवी जातीचा निघाला म्हणून शहर वाचले. पुढे १९९५ साली याच पंथाने भुयारी रेल्वेत सारिन हा विषारी वायू सोडला.

तेव्हा कारणे शोधायची तर गरिबीत किंवा अडाणीपणात शोधून भागणार नाही. गरिबाकडे जंतू वाढवायची सोय नसते. कारणे आहेत ती राज्यसत्तेच्या गुप्त शस्त्रहव्यासात, आपला पंथ वा वंश श्रेष्ठ मानणाऱ्या विचारात आणि शीलाशिवाय आलेल्या प्रज्ञेत. त्यात भर पडते बाजाराची. ओरेगॉनच्या घटनेनंतर अकरा वर्षांनी, १९९५ साली, अमेरिकेतल्या एका गोऱ्या वंशवाद्याने प्लेगचे जंतू चक्क टपालाने मागवले आणि त्याला ते मिळालेही! त्यानंतर १९९६ साली असे जंतू कोणी कोणाला पाठवावेत यावर तिथे कायदा झाला.

जगाच्या पातळीवर १९७२ चा जैविक शस्त्रबंदी करार आहे. तो १९७५ पासून लागू आहे आणि भारतही त्यात सामील आहे. पण या करारात तपासणीची तरतूदच नाही. अण्वस्त्रांसाठी निरीक्षक आहेत, रासायनिक शस्त्रांसाठी आहेत, जंतूंसाठी नाहीत. अनेक वर्षे खपून तयार केलेला तपासणीचा मसुदा जुलै २००१ मध्ये अमेरिकेने नाकारला. दोनच महिन्यांनी ती पाकिटे टपालात पडली. त्यानंतर तिथे धोकादायक जंतू हाताळणाऱ्या प्रयोगशाळा वाढतच गेल्या, इतक्या की त्या नेमक्या किती आहेत हे कोणत्याही एका खात्याला सांगता येत नाही, असे अमेरिकी सरकारच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २००९ साली म्हटले. पहारा वाढवायचा म्हणून जंतू हाताळणारे हातच वाढवले!

आपल्याकडे काय? ऑगस्ट-सप्टेंबर १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात आणि मग सुरतेत प्लेग आला, तो कोणी पसरवलेला नव्हता. पण सुरतेतून लाखो लोक पळाले, अनेक खासगी डॉक्टरांनी दवाखाने बंद केले आणि शहराचा कचरा उपसायला कोण उभे राहिले? सफाई कामगार. त्यानंतर रोगांवर नजर ठेवणारा एकात्मिक कार्यक्रम २००४ साली सुरू झाला, जैविक आपत्तींसाठी राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे २००८ साली निघाली. कागद तयार आहेत. २०२० साली कोरोना आला तेव्हा मात्र कागदातले काय आठवले? एका धर्माचे लोक मुद्दाम रोग पसरवत आहेत, असा गजर वाहिन्यांनी केला. जैविक दहशतवादाचा शिक्का असा फुकटात मारला गेला. भाजीवाल्याला नाव विचारून हाकलले गेले. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ऑगस्ट २०२० मध्ये तबलिगी जमातच्या परदेशी सदस्यांवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केले गेल्याचे मत नोंदवले. त्या गजराची जेवढी मोठी बातमी झाली, तेवढी या निकालाची झाली काय?

अशी अफवा केवळ अन्यायकारक नसते, ती धोकादायक असते. ज्याला मारहाणीची भीती वाटते तो ताप लपवतो. लपवलेला ताप म्हणजे जंतूला मोकळे रान. उद्या खरोखर कोणी जंतू सोडले, तर पहिला रुग्ण दिसेल तो एखाद्या वस्तीतल्या आशाताईला, तालुक्याच्या दवाखान्यातल्या परिचारिकेला किंवा शवागारातल्या कामगाराला. एकाच गल्लीत एकाच दिवशी दहा जणांना सारखाच ताप का आला, ही शंका त्यांना पहिल्यांदा येईल. त्यांनी ती सांगायची कोणाला, आणि वरचा साहेब ती ऐकून घेईल काय? जैविक हल्ल्यापासून बचावाची सारी भिस्त यावर आहे. उपग्रह आणि कमांडो नंतर येतात. देशभरात दहा लाखांच्या आसपास आशाताई आहेत आणि सरकारदरबारी त्या अजूनही मानधनावरच्या स्वयंसेविका आहेत. सुरक्षेच्या नावाने कोट्यवधींची यंत्रे घेणाऱ्या सरकारला या बाईला पगार देणे परवडत नाही, याला काय म्हणावे?

प्रयोगशाळांबाबतही बोलले पाहिजे. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेसारख्या ठिकाणी सर्वांत घातक विषाणूंवर काम चालते. ते आवश्यकच आहे, त्याशिवाय निदान होणार नाही की लस निघणार नाही. आमचा विज्ञानाला विरोध नाही. मात्र घातक जंतू कोणत्या संस्थेत आहेत, ते हाताळायची परवानगी कोणाला आहे, एखादी कुपी कमी भरली तर कोण जबाबदार, याची नोंद आणि तपासणी स्वतंत्र यंत्रणेने केली पाहिजे. आणि त्या इमारतीत फरशी पुसणारा, कचरा उचलणारा जो कंत्राटी कामगार आहे, त्याला शास्त्रज्ञाइतकेच प्रशिक्षण, तेवढीच लस आणि धोक्याची सूचना त्याच वेळी मिळाली पाहिजे. ब्रेंटवूडला तेवढेच चुकले होते.

मुंबई-पुण्यापासून जिल्ह्याच्या गावापर्यंत रुग्णालयाचा कचरा उचलणारे बहुतांश हात आपल्या समाजाचे आहेत. रुग्णालयाच्या घातक कचऱ्यासाठी १९९८ पासून नियम आहेत, २०१६ साली ते नव्याने झाले. हातमोजे, मुखपट्टी, ठरावीक काळाने आरोग्य तपासणी, हेपेटायटिस बी आणि धनुर्वाताची लस, हे सारे त्यांत लिहिलेले आहे. आपापल्या गावातल्या रुग्णालयात यातले कंत्राटी सफाई कामगारांना काय मिळते, किती जणांना लस टोचली आणि साथीच्या काळात त्यांना सूचना कोण देते, याची विचारणा कामगार संघटनांनी आणि आपल्या नगरसेवकांनी येत्या सर्वसाधारण सभेतच करावी. उत्तर लेखी मागावे, नावांच्या यादीसह.